विमलताई, गुरुवारचे साडेतीन तास कुणाच्या नावावर?

विमलताई,

आज सोमवार. सकाळपासून मी संगणकासमोर बसलोय आणि तुमचा तो प्रोग्रॅम मला पुढे सरकू देत नाहीये. गेल्या आठवड्याचे सगळे तास भरून झाले, फक्त गुरुवारची एक चौकट लाल आहे. सकाळी साडेनऊ ते एक. तिच्याखाली तुम्हीच घालून घेतलेली ओळ येते: 'हा वेळ कोणत्या कामाचा?' अहो, काय उत्तर देऊ? गुरुवारी साडेनऊ ते एक आम्ही सगळे वैकुंठ स्मशानभूमीत होतो. तुम्हाला पोचवायला गेलो होतो.

मी एकटा नाही. ऑफिसातल्या चौदाही जणांच्या गुरुवारला तेच भोक पडलंय. चौदा गुणिले साडेतीन, एकोणपन्नास तास. आणि 'इतर' किंवा 'सामाईक' असा रकाना तुम्ही शेवटपर्यंत ठेवू दिला नाहीत. "सामाईक म्हणजे सोसायटीच्या जिन्यातला दिवा. वापरतात सगळे, गेला तर बदलत कुणी नाही," हे तुमचं ठरलेलं वाक्य. बारा वर्षं मी त्या रकान्यासाठी तुमच्याशी भांडलो. आज तो असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं. आता भांडायला तुम्ही नाही आणि रकानाही नाही. डोकं नुसतं भणभणतंय.

शुक्रवारी कसब्यात तुमच्या घरी भेटायला गेलो होतो. तुमच्या भाचीने विचारलं, "काका, आत्या ऑफिसात नक्की करायची काय? घरी म्हणायची, मी वाटप करते." मी तिला जमेल तसं सांगितलं. म्हटलं, आमची कंपनी कारखान्यांना सल्ला देते. माल कसा ठेवावा, नोंदी कशा कराव्यात, गुणवत्तेचं प्रमाणपत्र हवं असेल तर काय काय लागतं. एका वेळी दहा-बारा गिऱ्हाइकांची कामं चालू असतात. कुठल्या कामावर किती वेळ गेला ते आम्ही रोज लिहून देतो, अर्ध्या अर्ध्या तासाचं, पूर्वी चिठ्ठीवर आणि आता संगणकावर. पण ऑफिसचं भाडं, वीज, फोन, चहा, साहेबांची गाडी, खुद्द आत्याचा पगार, हे कुठल्या एका गिऱ्हाइकाचं नसतं. तरी ते निघायला हवं कुणाच्या तरी कामातूनच. म्हणून महिनाअखेर आत्या हा सगळा खर्च गोळा करायची आणि ज्या कामाचे तास जास्त, त्याच्या पानात जास्त वाढायची. पोरीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे सोसायटीच्या मेंटेनन्ससारखं?" मी होय म्हणालो. तुम्ही असतात तर लगेच विचारलं असतंत, "कोणत्या सोसायटीच्या? घराप्रमाणे घेणाऱ्या की चौरस फुटाप्रमाणे?" मला हसू आलं, आणि मग तिथे बसवेना म्हणून निघालो.

मी यवतमाळहून आलो तेव्हा आपलं ऑफिसही कसब्यातच होतं. भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, खालून दिवसभर ठोकाठोक. पहिल्या दिवशी मी चिठ्ठीवर लिहिलं, 'चर्चा, २ तास.' तुम्ही चष्म्यावरून बघत मला टेबलाशी बोलावलंत.

"मेश्राम, ही चर्चा कुणी केली?"

"मी आणि साहेबांनी."

"कशाची?"

"अशीच. कामाची."

"अशीच चर्चा मंडईतही होते. तिथे आपण बिल लावत नाही. काय ठरलं ते एका ओळीत लिहून आणा."

मी मनात म्हटलं, काय बाप्पा बाई आहे ही! जागेवर जाऊन 'चर्चा' खोडरबराने पुसायला लागलो, तर तुम्ही मागून येऊन रबर काढून घेतलंत. चुकलेलं पुसायचं नाही. त्याच्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. खरं काय ते वर लिहायचं, आणि शेजारी दोन सह्या, लिहिणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. ते रबर मला परत कधीच मिळालं नाही.

त्याच महिन्यात मी राहायला खोली शोधत होतो. तीन ठिकाणी आडनाव सांगितलं आणि तिन्ही ठिकाणी खोली कालच गेलेली निघाली. ऑफिसात मी कुणाला बोललो नव्हतो. तुम्ही चिठ्ठीवरून ओळखलंत, कारण सलग तीन दिवस दुपारचा एकेक तास मी 'वैयक्तिक, पगारातून कापावा' असा लिहिला होता. "एवढं वैयक्तिक काय चाललंय?" म्हणालात. सांगितलं. तुम्ही पर्स उचललीत, चपला घातल्यात आणि चौथ्या घरी माझ्याबरोबर आलात. घरमालकांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं, त्यांनी 'बघतो, कळवतो' सुरू केलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "भाडं माणूस देणार आहे की आडनाव? माणूस एक तारखेला देईल. त्याची जबाबदारी माझी. पावतीपुस्तक आणा."

खोली मिळाली. परत येताना मी आभार मानायला तोंड उघडलं तर म्हणालात, "हा तास कापणार नाही. हा कामाचा होता." कोणत्या गिऱ्हाइकावर टाकलात तो तास, ताई? मी कधी विचारलं नाही. आज मात्र सकाळपासून तेच विचारावंसं वाटतंय.

मग ते दिवस आले. परदेशी कंपन्या पुण्यात यायला लागल्या, इथल्या मोठ्या कारखान्यांना बाहेरची गिऱ्हाइकं मिळाली आणि त्यांनी छोट्या पुरवठादारांना बजावलं, प्रमाणपत्र आणा, नाहीतर माल घेणार नाही. ज्यांनी जन्मभर एका लाल वहीपलीकडे काही ठेवलं नव्हतं ते लोक आपला जिना चढून यायला लागले. वारज्याचे जाधव त्यातलेच. पत्र्याची शेड, दोन प्रेस, चार कामगार, रबराचे वॉशर. मोटारींच्या एका कारखान्याला माल जायचा आणि त्याच्यावर घर चालायचं. एकरकमी फी ठरली आणि काम माझ्याकडे आलं. मी इंग्रजी कलमं मराठीत सांगायचो, ते ती पाठ म्हणून दाखवायचे. फार सरळ माणूस.

त्याच सुमारास साहेबांनी अमेरिकेच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम मिळवलं. त्यांची माणसं येणार म्हणून आपण कसबा सोडून कर्वेनगरला नव्या इमारतीत आलो. एसी, काचेची केबिन, कॉफीचं मशीन. भाडं तिप्पट. हे अमेरिकन लोक तासावर पैसे द्यायचे आणि एकेका तासाचा जाब विचारायचे. जाधवांची फी मात्र ठरलेली. तास दहा पडोत नाहीतर शंभर, त्यांना बिल तेवढंच. त्यामुळे त्यांचे तास कुणी बघत नव्हतं.

आता ऐका. दिवसातून तास-अर्धा तास सांडतोच. संगणक बंद पडतो, नव्या पोराला शिकवावं लागतं, चहा लांबतो. तुम्ही 'इतर' ठेवलेला नाही. मग तो वेळ जायचा कुठे? जाधवांवर. सुरुवात मी केली. मग बाकीच्यांनी उचललं. 'जाधवांवर टाक' हे आमच्यातलं नेहमीचं वाक्य झालं, तुमची पाठ वळली की. ज्यांनी वारजे बघितलंसुद्धा नव्हतं अशांचे तास त्यांच्या नावावर चढले. जाधवांच्या खिशातून कुठे काय जातंय, असं आम्हाला वाटायचं. पण तास चढले की तुमच्या वाटपात भाडंही चढणार, वीजही, कॉफीही. महिनाअखेरच्या तक्त्यात जाधवांचं काम तोट्यात दिसायला लागलं. हे मला कळत होतं का? कळत होतं. नव्हतंही. मला आता तेव्हाचा मी नीट आठवतच नाही.

त्यातला एक मंगळवार. माझ्याबरोबर शिकलेले सगळे संगणकाकडे पळत होते आणि माझ्या दुप्पट पगार घेत होते. मीही एका सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखतीला गेलो. सहा तास लायनीत काढले आणि निवड झाली नाही. सुट्टी मागायला तुमच्यापुढे यायची हिंमत झाली नव्हती. ज्या बाईने माझी जबाबदारी घेतली तिला कसं सांगू, की मी पळायच्या बेतात आहे? बुधवारी चिठ्ठीवर लिहिलं, 'जाधव, वारजे. नोंदवह्यांची तपासणी. ६ तास.' तुम्हाला आवडायची तशी स्वच्छ, पूर्ण ओळ.

तुमच्या टेबलावर ती बिलांची तार असायची, आमची बसची तिकिटं टोचलेली. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, चिठ्ठीकडे बघितलंत.

"मेश्राम, वारज्याचं तिकीट नाही आलं."

"मित्राच्या गाडीवर गेलो होतो, ताई."

"आणि परत?"

"त्याच्याच गाडीवर."

"बरं," म्हणालात आणि चिठ्ठी बाजूला ठेवलीत.

पुढच्या महिन्यात साहेबांनी तक्ता बघितला आणि जाधवांचं काम बंद केलं. प्रमाणपत्राच्या तपासणीला दोन महिने उरले होते. मी तरातरा तुमच्याकडे आलो. सगळं ऑफिस ऐकत होतं.

"जाधव आयुष्यात एकदाही या एसीत बसले नाहीत. त्यांच्या माथी भाडं का?"

"एसीत तुम्ही बसता. तुम्ही कुणाचं काम करता?"

"एसी अमेरिकेच्या लोकांसाठी घेतला. ज्याच्यामुळे खर्च झाला त्याच्यावर टाका ना!"

"उत्तम. मग प्रत्येक खर्चाचं कारण शोधा. दिवा कुणामुळे लागला? अंधारामुळे. अंधाराला बिल लावा."

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "तुमच्या या पद्धतीने एका माणसाचं वाटोळं केलं!"

तुम्ही हसला नव्हतात. पेन खाली ठेवलंत आणि हळूच म्हणालात, "पद्धत माझी आहे. तास तुमचे आहेत. तासांत काही चूक असेल तर आत्ता सांगा. मी तक्ता पुन्हा करते आणि साहेबांकडे मीच जाते."

त्या खोलीत निदान सहा जणांना ठाऊक होतं. सगळे माझ्याकडून काय येतंय त्याची वाट बघत होते.

"तास बरोबर आहेत," मी म्हणालो.

पुढे मी तुमच्याशी भांडतच राहिलो, पण नेहमी पद्धतीवर. तासावर वाटा की फीवर वाटा, जागेवर वाटा की माणसांवर. पद्धतीवर भांडणं सोपं होतं हो. मला आपण फार तत्त्वाचे वगैरे वाटायला लागलो होतो. दोन वर्षांनी तुम्ही कुणाला न सांगता काचेच्या केबिनचं भाडं वेगळं काढून सगळंच्या सगळं अमेरिकेवर टाकलंत. मी तक्ता बघून धावत आलो तर मान वर न करता म्हणालात, "लावलं अंधाराला बिल." मी पेढे आणले, तुम्ही अर्धाच खाल्लात. जिंकलो असं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

गेल्या बुधवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर पर्स आवरता आवरता तुम्ही खुर्चीतच कलंडलात. रिक्षा बोलवा, पाणी आणा, डॉक्टर, धावपळ, आणि दवाखान्याच्या दारात सगळं संपलंच होतं. त्या रिक्षात तुमचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मला बोलायचं होतं, आणि मी रिक्षावाल्याला 'डावीकडून घ्या, डावीकडून' एवढंच सांगत राहिलो.

काल रविवारी मी वारज्याला गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. जाधवांना तुमची बातमी द्यायची आहे, असं बायकोला सांगितलं. चहूबाजूंनी इमारती उठल्यात, मध्ये ती शेड अजून आहे. दोनातला एकच प्रेस राहिलाय. मोटारीच्या कारखान्याने तेव्हा माल घेणं थांबवलं, जाधवांनी चारही कामगारांना घरी पाठवलं. प्रमाणपत्र दुसऱ्या कुणाकडून वर्षभराने मिळालं, पण तोवर ती जागा भलत्याने घेतली होती. आता ते आणि त्यांची बायको मिळून नळाचे वॉशर काढतात, पेठेतल्या दुकानांना. मला बघून स्टूल पुसलं, चहा सांगितला. मी बातमी दिली.

"बाई गेल्या? अरारा! लय कडक बाई हुत्या."

"तुम्ही कुठे भेटलात त्यांना?" मी विचारलं. तुम्ही कधी वारज्याला गेला होतात हे मला माहीतच नव्हतं.

"आल्या हुत्या की एकदा. भर उन्हात, बसनं, छत्री घिऊन. तुमचं काम बंद व्हायच्या आधी. मला इचारलं, मंगळवारी मेश्राम आले हुते का? आठवड्याला किती येळ येत्यात?" जाधव हसायला लागले. "मी वळखलं. म्हनलं, बाई हजेरी बघायला आल्यात. परगावचं पोरगं, नोकरी जाईल बिचाऱ्याची. मी दणकून सांगितलं, येत्यात की, दिस-दिस बसत्यात. मंगळवारी तर जेवलं बी इथंच."

मी कप खाली ठेवला.

"त्येनी समदं लिवून घेतलं. निघताना परत इचारलं, नक्की ना? तुमच्या कामावर पडेल ते. मी म्हनलं, पडू द्या की, फी तर ठरल्याली हाय." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "खरंच लय येळ दिला तुमी आमाला, साहेब. काम झालं नाही ते नशीब. तुमी नाही कमी पडला."

मी काय केलं, ताई? चहा संपवला. घरच्यांची चौकशी केली. 'येतो' म्हणालो आणि आलो.

तेव्हापासून मला काही कळेनासं झालंय. उन्हातून तुम्ही वारज्याला गेलात म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता. परत येऊन तास तसेच ठेवलेत म्हणजे जाधवांवर विश्वास बसला. की नाही बसला? तुम्ही चष्म्यावरून बघितलं की माणूस आतून दिसायचा, आणि तुम्हाला एका वॉशरवाल्याची थाप कळली नाही, हे कसं मानू? कळली असेल तर गप्प का बसलात? दोघांनी सांगितलंय तर तसंच लिहायचं, एवढाच तुमचा नियम होता का? की मला वाचवत होतात? मला वाचवायला जाधवांना जाऊ दिलंत? तसं असेल तर ते मला नकोय, स्पष्ट सांगतो. आणि ऑफिसभर सगळ्यांसमोर 'आत्ता सांगा' म्हणालात, ते सगळं ठाऊक असून म्हणालात? मला तुमचा राग येतोय. एकदा बाजूला घेऊन खडसावलं असतंत तर मी पाच मिनिटांत ओकलो असतो. मग वाटतं, बारा वर्षं रोज समोर बसत होतो, मला कुणी अडवलं होतं?

आज सकाळी आल्या आल्या तुमचं कपाट उघडलं. जुन्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे महिन्याप्रमाणे, सुतळीने बांधलेले. त्या बुधवारची माझी चिठ्ठी सापडली. वाटलं होतं, काहीतरी असेल. प्रश्नचिन्ह, पेन्सिलीची खूण, काहीही. काही नाही. बाकीच्या ओळींवर आहे तशीच एक लाल टिक. खिडकीशी नेऊन बघितली, उलटी करून बघितली. टिक ती टिक.

मग मी तो महिना पुन्हा वाटून बघितला. तुमच्या पद्धतीने, लिहिलेल्या तासांवर, जाधव तोट्यात. माझ्या पद्धतीने, त्याच खोट्या तासांवर, जाधव नफ्यात. तुमच्या पद्धतीने पण माझे सहा तास आणि आठवतील तेवढे बाकीच्यांचे टाकलेले तास काढून, जाधव जेमतेम काठावर. तीन वेळा केलं, तीन उत्तरं. पद्धत चुकली की तास चुकले की दोन्ही, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. पण साहेबांनी काठावरचं काम दोनच महिने उरले असताना बंद केलं नसतं. एवढं एक कळतं.

हे करत होतो तेवढ्यात आपली ती नवीन मुलगी दारात आली. "सर, थर्सडेचे आवर्स धायरीवर बुक करू का? फिक्स्ड फी आहे, तिथे कोणी चेक नाही करत. सगळे तेच करतायत."

धायरीचं म्हणजे त्या पुठ्ठ्याच्या खोकीवाल्यांचं काम. सात माणसांचा कारखाना, एकरकमी फी. चौदा जणांचे एकोणपन्नास तास, तुमच्या मयताचे, त्या माणसाच्या नावावर चढणार होते. महिनाअखेर त्यांच्यावर आपलं भाडं चढलं असतं, आणि साहेबांनी तक्ता बघितला असता. तिने वाक्य अगदी माझ्याच तोऱ्यात टाकलं, आणि तिचा तरी काय दोष, ते तिला आमच्याकडूनच आलंय. मी एवढ्या जोरात "नाही!" म्हणालो की ती दचकली. मग तिला बसवलं आणि जाधवांची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. मुलाखतीसकट. आजवर कुणालाच सांगितली नव्हती. ती म्हणाली, "मग सर, हे आवर्स खरंच कोणासाठी होते?"

प्रश्न बरोबर होता. म्हणून मी प्रोग्रॅममध्ये नवीन काम उघडलं. गिऱ्हाइकाचं नाव, विमलताई. पत्ता, कसबा पेठ. फीच्या रकान्यात शून्य टाकलं तर घेईना, तुम्हीच तशी सोय करून ठेवली आहे. एक रुपया टाकला. मग चौदाही जणांनी आपापले साडेतीन तास त्यावर टाकले. काय केलं ते एका ओळीत लिहायचं असतं, म्हणून सगळ्यांनी एकच ओळ लिहिली: 'ताईंना पोचवलं.' लाल चौकट गेली. आता महिनाअखेर तुमच्याच पद्धतीने तुमच्या पानात भाडं वाढलं जाईल, एसी, कॉफी, सगळं. ऑफिसातलं सगळ्यात तोट्याचं काम तुमचं असेल. साहेब विचारतील, हे कुणी उघडलं. मी सांगेन.

ही झाली गुरुवारची गोष्ट. मंगळवार राहिला होता. चिठ्ठी समोरच होती. पुसलं नाही. 'जाधव, वारजे. नोंदवह्यांची तपासणी. ६ तास' यावर एकच रेघ मारली, खालचं वाचता येतंय. वर लिहिलं, 'सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखतीला गेलो होतो. निवड झाली नाही. वारज्याला गेलो नाही.' शेजारी माझी सही केली. तपासणाऱ्याच्या सहीची जागा रिकामी आहे. ती तुमची होती, आता तिथे कुणाला बसवू ते मला कळत नाही. जाधवांना विचारून बघेन.

उद्या पुन्हा मंगळवारच आहे. सकाळच्या बसने वारज्याला जातो, ही चिठ्ठी घेऊन. सहा तास लागतील की जाधव अर्ध्या तासात हाकलून देतील, माहीत नाही. जो काही वेळ लागेल तो तुमच्या कामावर लिहीन. आणि या खेपेला परत आल्यावर तिकीट तारेला टोचतो.